एकतिसावी चूक

मार्लो फॉल्स, ओहायो
२९ मे २०२५

प्रिय एलादिओ,

ठप्, ठप्, ठप्. मग जरा थांबून लागोपाठ दोनदा. आमच्या गॅरेजची मागची विटांची भिंत, तुझा रबरी चेंडू आणि सकाळचे साडेसहा. शेजारचे म्हातारे ओर्बन खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, "अरे पोरा, त्या भिंतीने तुझं काय घोडं मारलंय?" आणि तू आदबीने टोपी काढून त्यांना सुप्रभात म्हणायचास, कारण तेव्हा तुला तेवढंच इंग्रजी येत होतं. ओर्बन गेले. गॅरेजही पाडून टाकलं. पण मी सकाळी कॉफी ठेवतो आणि तो आवाज येतो. डॉक्टर म्हणतात, कानात काही दोष नाही. मी कुठे म्हणतोय की आहे?

पन्नास वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कोणी मेलेलं नाही. म्हणजे आई गेली, पण त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. शेवटपर्यंत तिने तुझी थाळी वेगळी ठेवली होती, ती निळ्या काठाची. पोटिका, तो अक्रोडाचा गोड पाव, केला की म्हणायची, "हा एवढा तुकडा त्या मुलाचा." तो तुकडा मग मलाच खावा लागे.

इतकी वर्षं लिहिलं नाही, कारण तुझा पत्ता हरवला होता. परवा कपाट आवरताना सापडला.

लिहिण्याचं कारण असं. गेल्या आठवड्यात क्लबच्या कचेरीतून कॅसिडी नावाची मुलगी घरी आली. वेंडेलने चेंडू टाकलेल्या त्या बेसबॉल सामन्याला येत्या दहा ऑगस्टला पन्नास वर्षं होतात. योगायोग बघ, त्याही दिवशी रविवारच आहे. नऊ डाव, आणि पाहुण्यांच्या एकालाही नुसत्या फटक्याच्या जोरावर बेस गाठता आला नाही, एकही हिट नाही! आपल्या मैदानावर असं पूर्वी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. वेंडेल ऑर्कट अजून इथेच आहे. टायरचं दुकान मुलाकडे दिलं, पण गावात त्याचं नाव अजून "नो-हिट वेंडेल"च आहे. हॉटेलात त्याला कॉफीचे पैसे कोणी द्यायला लावत नाही. त्या दिवशी त्याची मान डोलावणारी बाहुली येणाऱ्या प्रत्येकाला फुकट वाटणार आहेत. आणि अधिकृत गुणलेखक म्हणून त्या दिवशी मैदानाच्या वरच्या काचेच्या खोलीत मीच बसलो होतो, तर मी माइकवर दोन मिनिटं बोलावं, असं कॅसिडीचं म्हणणं. "सर, तुम्ही कविता शिकवायचात ना? मग काहीतरी गोड बोला," म्हणाली.

काय बोलावं याचा विचार करतोय आणि तुझीच आठवण येतेय.

तू ये, एलादिओ. आमच्या घरात तू राहायचास ती वरची खोली रिकामी आहे. मैदान तुला ओळखेल. लाकडी बाकं गेली, हिरव्या खुर्च्या आल्या. बाकी सगळं तेच. जिन्याच्या अंधारातून वर आलं की अचानक समोर ते गवत उघडतं. आठवीच्या वर्गात मी चाळीस वर्षं सांगत आलो की चांगल्या कवितेची पहिली ओळ वाचताना दार उघडल्यासारखं वाटलं पाहिजे. ते सांगताना माझ्या डोळ्यांपुढे दरवेळी तो जिनाच असायचा.

आणि त्या दिवशीच्या त्या नोंदीबद्दल तुझ्या मनात काही असेल, तर एवढंच सांगतो की निर्णय कठीण होता. ऊन डोळ्यांवर होतं.

तुझा एकेकाळचा मास्तर,
लॅम्बर्ट झुपान


२२ जून २०२५

प्रिय एलादिओ,

उत्तर आलं नाही. हरकत नाही. टपालाला वेळ लागतो, आणि मला तर पन्नास वर्षं लागली.

आज दुपारी सामन्याला गेलो होतो. माझी जागा तिसऱ्या बेसच्या मागे, सातव्या रांगेत. शेजारी बर्निस टकर. तू तिला ओळखत नाहीस. ती आठवीत माझ्या वर्गात होती, आता एकसष्ट वर्षांची आजी आहे, आणि हातातल्या वहीत पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद करते. नोंद करणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. बाकीचे फोनमध्ये बघतात. बर्निस त्यांच्याकडे अशी बघते, जशी मी गृहपाठ न केलेल्या मुलांकडे बघायचो.

काय सुंदर दुपार होती म्हणून सांगू! सामन्याआधी माणसं जाळी ओढून माती सारखी करतात, ते बघायला मी मुद्दाम लवकर जातो. माती कोऱ्या पानासारखी होते आणि मग तिच्यावर पहिलं पाऊल टाकायचं कुणालाच धाडस होत नाही. शेंगावाला नवा आहे, पण हात जुना: पुडी पाठमोरी फेकतो, चार रांगा ओलांडून बरोबर मांडीवर. सातव्या डावात रिवाजाप्रमाणे सगळे उठून आळोखेपिळोखे देत गाणं म्हणायला लागले तेव्हा माझ्या पुढचं एक जोडपं, जे पहिल्या डावापासून भांडत होतं, तेही उठलं, गायलं आणि बसून पुन्हा भांडायला लागलं. हा खेळ मला का आवडतो, असं कोणी विचारलं तर मी त्या जोडप्याकडे बोट दाखवीन. इथे कोणालाच घाई नसते. भांडणालासुद्धा.

आता मुख्य गोष्ट. पाचव्या डावात पाहुण्यांच्या एकाने चेंडू दुसऱ्या बेसच्या मागून मधोमध मारला. खूप जोरात नव्हता. तुझ्या जुन्या जागी, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असलेला आपला शॉर्टस्टॉप, देखणा पोरगा आहे, तीन पावलं गेला आणि थांबला. चेंडू त्याच्यापासून दोन हातांवरून गवतात गेला. स्वच्छ हिट.

बर्निस म्हणाली, "बघितलंत सर, किती सभ्य मुलगा! पाहुण्याला वाटेत अडवलं नाही."

मी म्हटलं, "गाठला असता त्याने."

"गाठला असता आणि हातून सुटला असता, तर चूक कोणाच्या नावावर? त्याच्याच ना? या वर्षी त्याच्या नावावर फक्त चार चुका आहेत. खेळाडू निवडणारी मोठ्या क्लबची माणसं आकडे वाचतात, सर. ती कुठे येतायत इथे बघायला?" आणि तिने पेन्सिलीला थुंकी लावून नोंद केली.

एलादिओ, तुझ्या नावावर त्या मोसमात एकतीस चुका होत्या. मला आकडा पाठ आहे, कारण प्रत्येक चूक मीच लिहिली होती. त्यांतल्या वीसेक तरी अशा होत्या, की दुसरा कोणी शॉर्टस्टॉप त्या चेंडूच्या वाऱ्यालाही उभा राहिला नसता. तू तिसऱ्या बेसच्या सावलीतून निघायचास आणि दुसऱ्या बेसपलीकडे उगवायचास. वर खोलीत आम्ही चार जण बसायचो. वर्तमानपत्रवाला फ्रील तुला "आगपेटी" म्हणायचा: कधी पेटेल आणि कुठे, सांगता येत नाही. बॅटचा आवाज झाला की सगळं मैदान चेंडूकडे बघायचं; मी तुझ्याकडे बघायचो. माझं हे गुपित आज पहिल्यांदाच सांगतोय.

संध्याकाळी आई घेवड्याचं सूप वाढायची आणि मी आठवीचं वाचनाचं पुस्तक उघडून तुला कविता पाठ करायला लावायचो. एक होती, संध्याकाळी माळरान ओलांडून एकटी घरी निघालेल्या मेंढपाळ मुलीची. तू सगळं नीट ऐकून घेतलंस आणि गंभीरपणे म्हणालास, "मास्तर, तिच्या गावाला बस नाही का?" मला इतका राग आला होता! आणि नंतर आयुष्यभर ती कविता शिकवताना मी मुलांना तोच प्रश्न विचारत आलो.

बर्निस आज सामना संपल्यावर म्हणाली, "दहा ऑगस्टला मी चारही नातवंडांना आणणार आहे. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, सर. बाबांच्या खांद्यावर बसले होते. शेवटचा गडी बाद झाला आणि बाबा रडले. बाबांना मी तेवढंच एकदा रडताना पाहिलंय." मग माझ्या दंडाला धरून, "तुम्ही काय बोलणार ते सांगा ना."

मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

एक दुरुस्ती करतो. मागच्या पत्रात ऊन डोळ्यांवर होतं असं लिहिलं. आज मुद्दाम मागे वळून वरच्या त्या खोलीकडे बघितलं. दुपारी ऊन खोलीच्या पाठीमागे असतं.

लॅम्बर्ट


१६ जुलै २०२५

प्रिय एलादिओ,

तुझ्या नातीचं पत्र मिळालं. यूदेल्का छान लिहिते. अक्षर तुझ्यासारखं तिरपं आहे. तुझे गुडघे गेलेत, तू काठी घेऊन साखर कारखान्यामागच्या पटांगणात पोरांना खेळ शिकवतोस, हे सगळं तिने लिहिलंय. मग शेवटी दोनच ओळी. "आजोबा म्हणतात, येणार नाही. त्यांना फक्त एक विचारायचंय: तो चेंडू हिट होता की चूक?"

आणि खाली, बहुतेक तुला न सांगता, तिने आणखी लिहिलंय: "इथे सगळे आजोबांना दगडहात म्हणतात. पोरांना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात. झेलता येणार नसेल, तर हात लावू नका."

मी पत्र टेबलावर ठेवलं. तू हे शिकवतोस? तू?

तर ऐक. खरं लिहितो. एका बैठकीत लिहितो, नाहीतर पुन्हा ऊन-सावलीच्या गोष्टी सुरू होतील.

नववा डाव, एक गडी बाद. चार हजार माणसं आणि चिडीचूप. असा सामना चालू असताना 'नो-हिट' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. वेंडेलच्या बाकावर त्याच्या शेजारी कोणी बसतसुद्धा नव्हतं. बॅटिंगला आलेल्या पाहुण्यांच्या त्या धिप्पाड कॅचरने चेंडू मधोमध मारला. वेंडेलच्या पायाजवळून, दुसऱ्या बेसच्या उजवीकडून. तो हिट होता. बॅटवरून सुटला तेव्हाच हिट होता. माझा हात धावफलकावरच्या हिटच्या दिव्याच्या बटनाकडे गेलासुद्धा होता.

आणि तू तिथे पोचलास. कसा, ते मला आजही सांगता येणार नाही. मातीला समांतर, पूर्ण लांब झालेला. ग्लोव्हच्या टोकाला चेंडू लागला, क्षणभर थांबला आणि निसटला.

नियमाचं पुस्तक माझ्या कोपराखाली होतं. साधारण प्रयत्नाने जमलं असतं, तरच चूक लिहायची. साधारण प्रयत्न! ते शब्द मला तोंडपाठ होते. तुझ्या त्या उडीत साधारण असं काय होतं? दुसरा कोणी असता तर चेंडू त्याच्यापासून चार हातांवरून गेला असता, हिट लागला असता आणि कोणी त्याला शब्दाने बोललं नसतं. तू हात लावलास म्हणून तुझ्यावर चूक लिहिण्याची सोय झाली. तू बाकीच्यांपेक्षा चांगला होतास, एवढाच तुझा गुन्हा.

सगळं मैदान वळून धावफलकाकडे बघत होतं. तिथे दोन दिवे होते, एक हिटचा, एक चुकीचा. मी चुकीचा लावला. इतका मोठा जल्लोष मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

का लावला? कोणी धमकी दिली नाही, कोणी लाच दिली नाही. मला वाटलं, ही कविता शेवटच्या कडव्यात मोडू नये. बस्स, एवढंच. मला शेवट सुंदर हवा होता. एका माणसाच्या नावावर एक खूण पडली तर काय बिघडतं, त्याच्या नावावर तीस तर आहेतच. पुढचाच चेंडू पुन्हा तुझ्याकडे आला. तू तो उचललास, एकाच चेंडूवर दोन गडी बाद केलेस, डावाचे तीन गडी पूर्ण झाले आणि सामना संपला. वेंडेलचा तो सामना शेवटी तूच पुरा करून दिलास, एलादिओ. पोरं वेंडेलला खांद्यावर घेऊन नाचत होती. तू दुसऱ्या बेसपाशी टोपी हातात घेऊन उभा होतास आणि वर माझ्या काचेकडे बघत होतास.

गुणलेखकाला निर्णय बदलायला चोवीस तास असतात. तुला ते ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्वयंपाकघरात आलास. त्या सकाळी भिंतीवर चेंडू वाजला नव्हता. तू विचारलंस, "मास्तर, तो माझा चेंडू होता का?" मी पाव कापत होतो. मी म्हटलं, "आज उकडेलसं दिसतंय." आई माझ्याकडे बघत राहिली. दुपारी तू सामान उचलून बसस्टँडजवळच्या हॉटेलात गेलास, आणि महिनाअखेर मोठ्या क्लबकडून कागद आला. एकतीस चुका, कार्यमुक्त. त्या एकतीस नसत्या, तीसच असत्या, तर त्यांनी तुला ठेवलं असतं का, मला माहीत नाही. पन्नास वर्षं मी स्वतःला सांगतोय की नसतं ठेवलं.

मोसम संपल्यावर मी ते काम सोडलं. लोकांना सांगितलं, डोळे अधू झालेत. डोळे माझे आजही ठणठणीत आहेत.

आणि तुझा पत्ता कधीच हरवला नव्हता. तुझी आई दर नाताळला माझ्या आईला कार्ड पाठवायची. ती सगळी माझ्या टेबलाच्या वरच्याच खणात आहेत.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हिट.

तू फक्त तुझ्यापुरतं विचारलंस. पण ज्या चार हजार लोकांसमोर मी तो दिवा लावला, त्यांना सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. दहा ऑगस्टला माइक माझ्या हातात असेल. मग वेंडेलचं काय, बर्निसच्या बाबांचं काय, या गावाकडे मिरवायला दुसरं आहे तरी काय, हे प्रश्न मला पडतात. काल हॉटेलात वेंडेल दिसला, आपल्या बाहुलीचा नमुना सगळ्यांना दाखवत होता. "लॅम्बर्ट, नाक बघ! नाक माझ्या सासऱ्याचं लावलंय भडव्यांनी!" एवढा हसत होता. 

तरी मी बोलणार आहे. बोललो नाही तर हे पत्रही खोटं.

लॅम्बर्ट


१२ ऑगस्ट २०२५

प्रिय एलादिओ,

बोललो.

क्रमाने सांगतो. सहा हजार माणसं होती. फाटकावर प्रत्येकाच्या हातात बाहुली. बर्निस चारही नातवंडांना घेऊन आली होती, पाचही जणांच्या डोक्यावर सारखी टोपी. होमप्लेटजवळ हिरव्या गालिच्यावर दोन खुर्च्या. एकीवर वेंडेल, इस्त्रीच्या शर्टात, गुडघ्यावर टोपी ठेवून. दुसरी माझी. कॅसिडीने माझं नाव पुकारलं. टाळ्या. मी लिहून नेलेला कागद खिशातच राहिला.

म्हटलं, "मित्रहो, पन्नास वर्षांपूर्वी त्या वरच्या खोलीतून मी एक दिवा लावला. चुकीचा लावला. नवव्या डावातला तो चेंडू हिट होता. त्या चेंडूला या पृथ्वीवरच्या दुसऱ्या कुठल्याही शॉर्टस्टॉपचा हात लागला नसता. एलादिओ पेगेरोचा लागला, म्हणून मी त्याच्यावर चूक लिहिली. ती चूक त्याची नव्हती, माझी होती. मी ती आज माझ्या नावावर घेतो."

एवढंच. दोन मिनिटंही झाली नाहीत.

 कोणीतरी हुर्यो केली, मग आणखी दोघाचौघांनी. सहा हजार माणसं गप्प, आणि त्यांच्या हातांतल्या बाहुल्या मात्र वाऱ्याने होकारार्थी माना डोलावत होत्या. पलीकडून शेंगावाल्याची हाळी आली, कारण त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी वेंडेलकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने टोपी घातली, काठी घेतली आणि हळूहळू चालत खेळाडूंच्या बोगद्यातून आत निघून गेला. सामना सुरू झाला तेव्हा त्याची खुर्ची रिकामीच होती.

मी सातव्या रांगेत जाऊन बसलो. बर्निसने वही मिटून ठेवली होती. तिची वही मिटलेली मी प्रथमच पाहत होतो.  मग म्हणाली, "सर, पन्नास वर्षं गप्प बसलात. आणखी पाच बसला असतात तर काय बिघडलं असतं? तोवर तुम्ही गेला असतात. कदाचित मीही."

मी म्हटलं, "तो जिवंत आहे, बर्निस."

"कोण?"

"शॉर्टस्टॉप. सत्तर वर्षांचा आहे. पोरांना शिकवतो, की चेंडूला हात लावू नका."

तिने माझ्याकडे बघितलं. मग समोर बघितलं. दुसऱ्या डावात पाहुण्यांनी चेंडू मधोमध मारला आणि आपला तो देखणा पोरगा पुन्हा तीन पावलं जाऊन थांबला. बर्निस उभी राहिली आणि मैदानभर ऐकू जाईल अशी ओरडली, "अरे, उडी मार की! इस्त्री मोडेल काय?" लोक हसले. तिच्या सर्वांत धाकट्या नातवाने विचारलं, "आजी, उडी मारून सुटला असता तर?" ती म्हणाली, "तर सुटला असता." आणि वही उघडून तिने तो हिट लिहिला.

एलादिओ, ही एवढी गोष्ट तुझ्या पोरांना सांग. त्यांना सांग की ओहायोत एक आजी आहे, ती उडी न मारणाऱ्यांना शिव्या देते. आणि मास्तरने सांगितलंय म्हणून सांग, की हात लावा. सुटला तर सुटला. तुझ्या ग्लोव्हच्या टोकावर तो चेंडू ज्या क्षणी थांबला होता, त्या क्षणाइतकं सुंदर मी या मैदानावर काहीही पाहिलेलं नाही, आणि मी इथे सत्तर वर्षं येतोय. ते तेव्हाच लिहायला हवं होतं. माझ्याजवळ पेन्सिल होती, कागद होता, चोवीस तास होते.

गावात अर्थातच बोलणं चाललंय. हॉटेलात काल माझ्या टेबलाशी कोणी आलं नाही. वाढणारीने कॉफी ओतली आणि म्हणाली, "तुमच्याकडून मात्र पैसे घेणार हं." बरोबर आहे. वर्तमानपत्रात छापून आलं की अधिकृत नोंद बदलता येत नाही, मुदत पन्नास वर्षांपूर्वी संपली. म्हणजे कागदावर तो सामना अजून वेंडेलचाच आहे आणि चूक अजून तुझीच. कागदाचं मला काही करता आलं नाही. माणसांना सांगितलं, एवढंच.

काल वेंडेलला दोनदा फोन केला. मुलाने उचलला. "बाबा झोपलेत," म्हणाला. सकाळी अकराला कोण झोपतं? मी आग्रह केला नाही. त्याच्या आयुष्यातली ती एकच दुपार होती, आणि ती मी भर मैदानात त्याच्या हातातून काढून घेतली, तीही त्याला आधी एका शब्दाने न विचारता. हे तुला लिहितानाच लक्षात येतंय. तुझ्या वेळी त्याला विचारलं नाही, आणि तुझं फेडतानाही त्याला विचारलं नाही. त्याच्याकडे जायला हवं. दुपारी जाईन म्हणतो. काय बोलायचं ते

घंटा वाजली. बर्निस असेल, सकाळी म्हणाली होती सूप घेऊन येते, रागावले असले तरी.

बर्निस नाही. खिडकीतून दिसतंय, फुटपाथला ऑर्कट टायर्सचा लाल ट्रक उभा आहे, आणि वेंडेल पायऱ्या चढतोय. तीनच पायऱ्या आहेत, पण प्रत्येकीवर थांबतोय. मी दार उघडायला उठलो तोवर तो जाळीच्या दाराशी पोचला. कपाळ जाळीला टेकवून आत टेबलावरचे हे कागद बघत म्हणाला, "त्यालाच लिहितोयस ना?"

मी हो म्हटलं.

"मग पाकीट बंद करू नकोस," म्हणाला. "तू वर काचेमागे होतास, लॅम्बर्ट. मी खाली होतो. चेंडू माझ्या पायाजवळून गेला आणि मी वळून बघितलं होतं. सगळ्यांत जवळ मीच उभा होतो, आणि मीही पन्नास वर्षं गप्प बसलो. ... दार उघड रे. आणि मला एक पेन दे."